आबांसाठी जपानी म्हणीची फ्रेम करून घेतली, जळगावातल्या ताईंचा सविस्तर रिव्ह्यू

वडलांना काय द्यावं हा प्रश्न ज्यांना दरवर्षी जूनमधला फादर्स डे आला की पडतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. जरा लांबेल पण वाचा, कारण शर्टपीस, पाकीट आणि टॉवेल-टोपीच्या पलीकडे काही देता येतं हे मला इथे जाऊन कळलं आणि ही जागा लोकांना माहीत व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

जळगावात गणेश कॉलनीच्या बाजूला एक ताई राहतात, पुण्याला जपानी शिकल्या, मग चिनी पण शिकल्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि आता घराच्या पुढच्या खोलीतच ब्रश आणि शाईने चिनी-जपानी अक्षरं लिहून, खाली मराठीत अर्थ देऊन, फ्रेम करून देतात. बोर्ड नाही, जाहिरात नाही, मला माझ्या नणंदेने सांगितलं. सगळं काम एकटीचं असल्यामुळे नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून टाकत नाहीये, पण त्या भागात चौकशी केली की घर सापडतं.

आधी महत्त्वाचं सांगते. असे प्रिंट ऑनलाइन पण मिळतात आणि ते बरेच स्वस्त असतात, मग इथे तिप्पट पैसे का द्यायचे असं मला पण वाटलं होतं. ताईंनी कपाटातून एक प्रिंट काढून दाखवला, कुणीतरी गिऱ्हाइकाने मागवलेला आणि नंतर त्यांच्याकडे आणून दिलेला. कुणीतरी इंग्रजी फादर शब्द मशीनमध्ये टाकून चिनी करून घेतलेला, अक्षरं सुंदर, कागद गुळगुळीत, आणि लिहिलेलं होतं 'शेन-फू', म्हणजे चर्चमधला पाद्री. त्या माणसाने तो प्रिंट वडलांच्या साठीला हॉलमध्ये लावला होता. आपल्याला ती लिपी वाचता येत नाही आणि घरातल्या कुणालाच येत नाही, म्हणजे चूक कायमची भिंतीवर राहते, म्हणूनच लिहिणारा माणूस भाषा जाणणारा पाहिजे.

आणि ताई ऑर्डर लगेच घेत नाहीत. समोर बसवतात, चहा देतात आणि विचारत जातात, वडील आहेत का? काय करतात, रागीट आहेत का, तुमचं बोलणं होतं का, देणारा मुलगा की मुलगी, भिंतीवर लावणार कुठे. मला सुरुवातीला वाटलं एवढी चौकशी कशाला, पण त्यामागचं कारण त्यांनी सांगितलं तेव्हा पटलं. चिनी भाषेत दुसऱ्यासमोर स्वतःच्या वडलांचा उल्लेख करताना 'ज्या-फू' म्हणतात, नम्रपणे, आणि समोरच्याच्या वडलांना 'लिंग-त्सुन', आदराने. वडील वारलेले असतील तर 'श्येन-फू'. आता हयात वडलांच्या फ्रेमवर कुणी 'श्येन-फू' लिहून आणलं तर काय होईल विचार करा! जपानीतही तसंच, स्वतःच्या वडलांबद्दल बाहेर बोलताना 'चिचि', घरात हाक मारताना किंवा दुसऱ्याच्या वडलांना 'ओतोओसान', आणि 'गोसोनपु-सामा' हा फार आदराचा शब्द बहुतेक वेळा शोकसंदेशात असतो. ओसाकाकडे 'ओतोन' म्हणतात, लहान मुलं 'पापा' म्हणतात, आणि मोठी झालेली मुलं मित्रांमध्ये 'ओयाजी' म्हणतात, आपल्याकडे पोरं 'आमचा म्हातारा' म्हणतात तसं.

हे ऐकून मला आमचं घर आठवलं. खान्देशात वडलांना बाबा म्हणणारे कमीच, कुणी दादा, कुणी भाऊ, कुणी अण्णा, अप्पा, नाना, बापू, तात्या, आमच्याकडे आबा. एकत्र कुटुंबात काकाची पोरं जी हाक मारतील तीच आपल्या तोंडात बसते. गंमत म्हणजे चिनी माणूस वडलांना चक्क 'बाबा' म्हणतो! तैवानमध्ये तर फादर्स डे जूनमध्ये नसतोच, 8 ऑगस्टला असतो, कारण आठव्या महिन्याची आठ तारीख म्हणजे 'बा-बा', आठला चिनीत 'बा' म्हणतात. जपानमध्ये आपल्यासारखाच जूनचा तिसरा रविवार. ताईंकडे त्यामुळे दोन सीझन चालतात, जूनमध्ये ज्यांचं राहून गेलं त्यांना त्या 8 ऑगस्टची तारीख सांगतात.

भिंतीवर तयार नमुने लावलेले आहेत आणि ते बघण्यातच माझा बराच वेळ गेला. सगळ्यात जास्त खपणारा जपानी आहे, 'जिशिन, कामिनारी, काजी, ओयाजी', म्हणजे भूकंप, वीज, आग आणि बाप, जगातल्या चार भीतीदायक गोष्टी, याच क्रमाने. कॉलेजची पोरं हाच नेतात. शेवटचा शब्द मुळात वादळाचा होता आणि नंतर त्याचा बाप झाला असंही काही जण म्हणतात, पण जपानी माणूस आज बापच समजतो असं ताई म्हणाल्या. आता आमच्या लहानपणी आबांच्या मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आम्ही तिघं भावंडं पुस्तक उघडून बसायचो, त्यामुळे ही म्हण मला समजावून सांगायची गरजच नव्हती.

दुसरा नमुना 'दाइकोकुबाशिरा'. जपानी जुन्या लाकडी घराच्या मधोमध जो जाड खांब असतो तो, आणि घर चालवणाऱ्या कर्त्या माणसालाही हाच शब्द. त्यातला दाइकोकु हा त्यांचा सुबत्तेचा देव आणि मूळ आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. ज्यांनी धाब्याचं घर बघितलंय, त्यातले सागाचे खांब बघितलेत, त्यांना ही फ्रेम लगेच भिडेल. यावलच्या एका कुटुंबाने जुनं घर पाडताना हीच करून घेतली असं ताई सांगत होत्या.

चिनी नमुन्यांपैकी 'हू फू वू छ्युएन त्झ' हा मला खूप आवडला, वाघ बापाच्या पोटी कुत्रं जन्मत नाही. आपल्या 'बाप तसा बेटा'पेक्षा याचा रुबाब वेगळा आहे, कारण यात बापाची आणि पोराची दोघांची स्तुती एकदम होते. मी विचारलं की मुलगी देणार असेल तर? ताई म्हणाल्या शेवटचं अक्षर बदलून मुलीचं टाकतात, आता चिनी लोक तसं सर्रास म्हणतात. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मुलाचंच अक्षर मुलीच्या हातात खपवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पण सगळे नमुने गोड नाहीत. एक आहे तेराव्या शतकापासून चालत आलेल्या तीन-तीन अक्षरांच्या ओळींच्या पाठांतराच्या पुस्तकातला, चिनी मुलं शतकानुशतकं तो घोकत आली, 'यांग बू ज्याओ, फू झि गुओ', पोसलं पण शिकवलं नाही तर दोष बापाचा. आणि पुढची ओळ, शिकवलं पण शिस्त लावली नाही तर आळस गुरुजींचा. हा एका शाळेच्या हेडसरांनी ऑफिससाठी करून घेतला होता. दुसरी एक म्हण बापाचं कर्ज पोराने फेडायचं, आणि ती वाचून मी गप्पच झाले, आपल्याकडे सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज बापामागे पोराच्या डोक्यावर कसं येतं हे कापूस-केळीवाल्या घरांना सांगायला नको. ताई ही फ्रेम कुणाला देत नाहीत, फक्त वहीत लिहून ठेवलीये, विचारलं तर दाखवतात.

बाप या अक्षराचीच गोष्ट त्यांनी कागदावर काढून दाखवली. चारच फराटे, चिनी आणि जपानीत एकच अक्षर, जपानी मुलं दुसरीत शिकतात. साधारण इ.स. 100 च्या सुमाराला श्यु शेन नावाच्या पंडिताने जो शब्दकोश केला त्यात याचा अर्थ दिलाय, काठी उचललेला हात, घरातला मुख्य, जो वळण लावतो. नंतरचे अभ्यासक म्हणतात काठी नाही, दगडी कुऱ्हाड आहे, आणि खरंच कुऱ्हाडीच्या अक्षरात वर बापाचं अक्षर बसलेलं आहे. मला कुऱ्हाडवालं जास्त पटलं. मारायला उचललेला हात आणि कामाला उचललेला हात यात फरक आहे, आणि आमच्या आबांच्या हातात छडी कधीच नव्हती पण विळा, कुदळ, फवारणीचा पंप यातलं काही ना काही कायम असायचं. धाक होता तो आवाजाचा.

आता माझ्या ऑर्डरकडे येते. आधी मी कन्फ्युशियसचं एक वचन पक्कं केलं होतं. हा माणूस इ.स.पू. 551 ते 479 या काळातला, म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा, आणि तो म्हणतो की आईवडलांचं वय किती झालं हे लेकराला माहीत असलंच पाहिजे, एका अंगाने आनंद म्हणून आणि दुसऱ्या अंगाने धास्ती म्हणून. मला हे वाचून गलबलून आलं कारण आबांचं खरं वय आम्हाला कुणालाच माहीत नाही. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. आजी सांगायची की पाऊस फार झाला त्या वर्षी पोळ्याच्या आसपासचा जन्म, पण कोणतं वर्ष? आधार कार्डावर 1 जून आहे म्हणून आम्ही 1 जूनला केक कापतो आणि आबा काही न बोलता खातात.

ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बघ, हे वचन तुझ्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. यात धास्ती आहे. म्हातारा माणूस रोज सकाळी डोळे उघडून भिंतीवर आपल्या वयाची धास्ती कशाला बघेल? हे मला छोट्या बुकमार्कवर लिहून दिलं, ते माझ्या पर्समध्ये असतं. हेच त्या दुसऱ्या एका जपानी म्हणीबद्दलही करतात, सेवा करावीशी वाटते तेव्हा आईबाप उरलेले नसतात अशी ती म्हण आहे. अक्षरं दिसायला इतकी देखणी की लोक हट्ट करतात, पण वडील हयात असतील तर ताई देत नाहीत म्हणजे नाहीत. तसंच फ्रेममध्ये घड्याळ बसवून मागतात आपल्याकडचे लोक, चिनी वचनाबरोबर त्या घड्याळाला पण नकार देतात, कारण चिनीत घड्याळ भेट देणं आणि एखाद्याच्या शेवटच्या वेळी जवळ असणं हे दोन्ही उच्चाराला सारखंच येतं आणि तिकडे ते अशुभ मानतात. हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला धाडस लागतं, आणि मला ताईंचं हेच सगळ्यात जास्त पटलं.

मग त्यांनी विचारलं आबा शेतात काय लावतात. मी म्हटलं आधी केळी, आता गुडघ्यांमुळे केळीचं होत नाही, म्हणून वांगी, आपली भरताची, बामणोदकडची. ताई एकदम उठल्या आणि वही घेऊन आल्या. जपानीत म्हण आहे, 'ओया नो इकेन तो नासुबी नो हाना वा सेन नि हितोत्सु मो मुदा वा नाइ', आईबापाचा सल्ला आणि वांग्याचं फूल, हजारात एकही वाया जात नाही. अंगावर काटा आला हो! भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी दुसरी कुठली म्हण शोधायची? त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की यातला शब्द 'ओया' म्हणजे आईबाप दोघं, नुसता बाप नाही. आई आमची सहा वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे मला ते उलट जास्त योग्य वाटलं.

लिहिताना मी समोर बसले होते, त्या बसू देतात. आधी दगडी पाटीवर थोडं पाणी घालून शाईची कांडी घासतात, गोल गोल, घाई न करता, काजळी आणि सरसाचा मंद वास खोलीभर पसरतो. मग ब्रश उभा धरायचा, अगदी काटकोनात, मनगट टेकवायचं नाही, आणि श्वास रोखून एका दमात उजवीकडून सुरुवात करून वरून खाली. एकदा फराटा मारला की पुन्हा गिरवायचा नाही. पहिल्या कागदावर 'हाना' म्हणजे फुलाच्या अक्षरात शाई फुटली, मला तर दिसलंही नाही, त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. शेवटी खाली लाल शिक्का. फुलाच्या अक्षराचा शेवटचा फराटा वर वळवून सोडला तेव्हा त्याची कोरडी शेपटी उमटली, ब्रशमधली शाई संपत आल्यामुळे केसांच्या रेघा सुट्या दिसतात, ती जागा मी अजूनही जवळ जाऊन बघते.

फ्रेम घेऊन रविवारी एसटीने गावी गेले. आबांनी मांडीवर घेतली, चष्मा लावला, म्हणाले, "काय लिहेल आहे हे?" मी म्हण वाचून दाखवली, अर्थ सांगितला. आबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे लिहिणाऱ्यानं वांगी लावेल नाही." मी विचारलं का, तर मला घेऊन थेट शेतात गेले, एका झाडावर दोन फुलं दाखवली, एकाच्या मधली दांडी लांब, पिवळ्या केसरांच्या बाहेर आलेली, दुसऱ्याची आखूड, आत दबलेली. लांबवालं धरतं, आखूडवालं गळून जातं, झाडाला काय कमी पडलं, ऊन जास्त झालं की आखूड फुलं वाढतात, असं सगळं समजावलं, आणि आखूड फूल बोटाने नुसतं हलवलं तर हातात आलं. मग परत येताना म्हणाले, "पण लाव ती. बापाचं बोलणं बी तसंच, निम्मं गळूनच जातं, धरलं तेवढं धरलं." ओट्यावर खिळा त्यांनीच ठोकला.

मी हे ताईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी आखूड-लांब दांडीचं लिहून घेतलं आणि म्हणाल्या यापुढे ही म्हण देताना आबांचं म्हणणं पण सांगेन. असं कोण करतं सांगा.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. मराठी अर्थाची पट्टी फार बारीक अक्षरात आहे, सत्तरीच्या माणसाला चष्म्यानेही त्रास होतो, ही फ्रेम मुळात वडीलधाऱ्यांसाठीच असते तर टाइप मोठा पाहिजे, मी सांगितलंय, बदलतो म्हणाल्या. काच साधी आहे, ओट्यावर ऊन आलं की चकाकते आणि काही दिसत नाही, मॅट काच घ्यायची सोय नाही. आणि कुरियरने मागवायचं असेल तर सांभाळून, माझ्या मैत्रिणीची नंदुरबारला गेलेली फ्रेम कोपऱ्यात तडकून पोचली, कुरियरवाल्यांनी हात वर केले, शेवटी ताईंनी काच स्वतःच्या खर्चाने बदलून दिली. शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा.

पैसे, छोटी फ्रेम 1200, मोठी 1800, म्हण लांब असेल तर मोठीच घ्यावी लागते, बुकमार्क 150. दीड-दोन आठवडे लागतात, जूनमध्ये जास्त. भाव करू नका, त्या कमी करत नाहीत आणि ज्याने समोर बसून बघितलंय तो मागणारही नाही. घाईत, उद्याच्या उद्या पाहिजे अशांनी जाऊ नये. सासऱ्यांसाठी पाहिजे असेल तर मुद्दाम सांगा की सासरे आहेत, चिनीत बायकोच्या वडलांना 'थायशान' म्हणतात, चीनच्या शानतोंग प्रांतातल्या मोठ्या डोंगराच्या नावावरून, आणि ती दोन अक्षरं ताई फार सुंदर लिहितात. जाताना वडलांचा फोटो नेला तरी चालेल, पण ते काय काम करतात, कशावर चिडतात, कशावर खूश होतात याची माहिती नक्की घेऊन जा, त्याच्यावरच सगळं ठरतं. दुपारी 4 नंतर जा, सकाळी त्यांच्याकडे मुलांचा जपानीचा वर्ग असतो.